टोपीमागचे डोळे

घारीने पहिला झपाटा मारला तो आमच्या इमारतीच्या चेअरमनकाकांच्या टकलावर. त्यावर सगळे हसले, मीही हसले. मग तिने माझ्या पाच वर्षांच्या लेकीच्या, ठकूच्या, केसांतून नखं फिरवली आणि माझं हसू पळालं. ओरखडा बघायला भिंग लागलं असतं. ठकूने तो शाळेत मिरवलासुद्धा. मी मात्र तेव्हापासून तिला छत्रीखाली, काखेत दाबून गेटपर्यंत नेत होते.

गेटजवळच्या झाडावर घारीचं घरटं होतं. काड्या, वायरचे तुकडे, कुणाचातरी मोजा, आणि मधोमध दोन पिल्लं, झोपेतून उठवलेल्या म्हाताऱ्यांसारखी पिंजारलेली. आमच्या बाल्कनीतून ती स्वच्छ दिसत. पिल्लं उडेपर्यंत खालून जाणारा प्रत्येक जण घारीच्या लेखी चोर होता. ती यायची नेहमी मागून. वर मान करून तिच्याकडे बघत गेलं की गुमान बसून राहायची.

काकांनी रविवारी फांदी छाटायला माणूस बोलावला. मला हायसं वाटलं. ठकूला नाही.

"पिल्लं कुठे जाणार मग?"

"जातील गं दुसरीकडे."

"उडता कुठे येतंय त्यांना? ती नुसती आईची वाट बघत बसतात."

मी तिला झोपायला पिटाळलं. रात्रभर त्या पिल्लांनी माझ्या डोक्यात चोची वासल्या.

मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. वाघाच्या जंगलात जाणारी माणसं डोक्यामागे मुखवटा बांधतात हे कुठेसं वाचलं होतं. वाघाला चालतं ते घारीला का चालू नये? गेले काकांकडे.

"काका, पिल्लं उडेपर्यंत थांबा ना. मी सगळ्यांना टोप्या रंगवून देते. मागच्या बाजूला डोळे."

"अगं, ती घार आहे. प्रदर्शन बघायला आलेली पाहुणी नाही."

"एकदा करून तर बघू."

"बरं. रविवारी तो माणूस यायच्या आत एखादं पोर ती टोपी घालून एकटं गेटपर्यंत जाऊन दाखवू दे. घारीने हात नाही लावला तर फांदी राहील."

एखादं पोर! इमारतीतल्या समस्त आयांना रविवारी सकाळी एकदम कामं निघाली. उरली माझी.

पहिली टोपी मी जीव ओतून रंगवली. टपोरे डोळे, लांब पापण्या, बुबुळात उजेडाचा ठिपका. नवरा ती घालून झाडाखालून गेला आणि बोडका परत आला.

"टोपी नेली तिने," तो म्हणाला. "मोज्याशेजारी ठेवलीय."

"इतके देखणे डोळे काढल्यावर नेणारच," सासूबाई म्हणाल्या. "मीसुद्धा नेली असती."

मी दुसरी टोपी घेऊन बसले. वटारलेले डोळे काढले, तर ते रुसल्यासारखे दिसले. तिरपे काढले, तर झोपाळू. ठकू माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून बघत होती.

"आई, तू बाल्कनीतून बघतेस ना, तसे काढ."

"कशी बघते मी?"

तिने दोन्ही हातांच्या बोटांनी पापण्या ताणल्या, मान पुढे काढली आणि श्वास रोखला. नवरा उशीत तोंड खुपसून हसायला लागला. सासूबाई "अगदी, अगदी" म्हणत स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मी आरशासमोर उभी राहिले आणि ठकू खाली खेळतेय, खेळता खेळता गेटकडे चाललीय, असं मनात आणलं. डोळे आपोआप तसे झाले. बुबुळाच्या वर पांढरं, खाली पांढरं. घाबरलेला डोळा आणि घाबरवणारा डोळा यांच्यात फरक असतो तो फक्त भुवईचा. भुवई वर गेली की भित्री, खाली ओढली की खबरदार. माझी एक वर होती, एक खाली. तशीच काढली.

ती टोपी घालून आधी मीच गेले. घार उठली, अर्ध्या वाटेत आली आणि वळून भिंतीवर बसली. पुन्हा गेले, पुन्हा तेच. पण मी मोठी होते, ठकू एवढीशी.

रविवारी सगळे पायरीशी जमले. काका, काकू, सासूबाई, नवरा आणि करवत घेऊन आलेला माणूस. निघता निघता मी भुवई आणखी जाड केली म्हणून रंगाची पेटी माझ्या हातातच राहिली होती.

"मी सोबत जाऊ का, निदान अर्ध्यापर्यंत?"

"एकटं ठरलंय," काका म्हणाले.

ठकू निघाली. ती माझ्यापासून लांब जात होती आणि तिच्या डोक्यामागून माझेच डोळे माझ्याकडे रोखून बघत होते. बाप रे! रोज अशा नजरेखाली खेळते ही पोरगी?

घार आमच्या डोक्यांवरून सप्पकन खाली गेली. मी नवऱ्याचा दंड धरला. तो ओरडला म्हणजे नखं लागली असणार, माझी. ठकूच्या टोपीपासून हातभर अंतरावर घारीने पंख तिरका केला, ती वर उचलली गेली आणि घरट्याच्या काठावर जाऊन बसली. ठकूने गेटला हात लावला आणि वॉचमनमामांना टोपी दाखवायला लागली.

काकांनी वर घरट्याकडे बघितलं. मग करवतवाल्याला म्हणाले, "पिल्लं उडाली की फोन करतो." आणि माझ्याकडे वळून, हळूच, "मला मात्र टोपीने खाज सुटते गं."

"मग टकलावरच काढून घ्या," काकू म्हणाल्या. "जागा काय कमी आहे? डोळे हेच काढ बाई. बाहेर गेल्यावर यांच्यावर कुणाचं लक्ष नसतं."

"धुतल्यावर निघेल ना?" काकांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पायरीवर बसून मान खाली घातली.

मी ब्रश टेकवला. एक डोळा झाला, दुसऱ्याची कड ओढत होते तेवढ्यात गेटवरून हाक आली, "आईऽऽ, मी येऊ?"

"हलू नका काका," मी म्हणाले. मान वर केली असती तर कड वाकडी गेली असती. "ये गं!"

चपला फटफटत निघाल्या. झाडाच्या अलीकडे जरा रेंगाळल्या, मग पुन्हा फटफटल्या. कड सरळ आली. भुवई काढायला घेतली तेव्हा ठकूची सावली काकांच्या टकलावर पडली.

"उजेड सोड," मी तिला म्हणाले.