रसिकाचं पाठांतर

"राणीचं वाक्य कुणाचं आहे? रसिका, वाच की!"

मी हे ओरडून म्हणायला गेले आणि घशातून नुसती हवा बाहेर पडली. संक्रांतीला, म्हणजे इथल्या गुजराती उत्तरायणाला, दोन दिवस गच्चीवर पतंग कापले गेले की मीही पोरांबरोबर बोंबलत होते. चोपन्न वर्षांच्या बाईला हे शोभतं का, असं आमच्या घरी विचारून झालं होतं. घसा असा बसला होता की तिसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात मी खडूने फळ्यावर लिहिलं, 'आज नाटक तुम्हीच वाचायचं.'

एरवी माझी पद्धत ठरलेली. कविता असो, नाटक असो, आधी मी तीनदा वाचणार, मग वर्ग माझ्यामागून म्हणणार. रोज पाच नवे शब्द, त्यांचे अर्थ, प्रत्येकाने आपलं एक उदाहरण द्यायचं. एकोणतीस वर्षं याच पद्धतीने इंग्रजी शिकवलं आणि तिचा मला गर्वही होता. नाटकातल्या भूमिका मी हजेरीच्या क्रमांकाने वाटते, म्हणजे रुसवेफुगवे नाहीत. हरवलेली घंटा शोधणाऱ्या राजाचं ते नाटक. त्यातली राणी आली एकतिसाव्या क्रमांकाला, म्हणजे रसिकाला. मला बरंच वाटलं. माझ्या वर्गातली सगळ्यात गोड आवाजाची मुलगी ती.

रसिका उभी राहिली. पुस्तक दोन्ही हातांत, पाठ ताठ. पण तोंडातून शब्द नाही. राजा झालेला मुलगा आपलं वाक्य तीनदा म्हणून कंटाळला. मागच्या बाकांवर खसखस पिकली.

"टीचर, तुम्ही एकदा वाचा ना," ती म्हणाली. "मग मी वाचते."

मी घशाकडे बोट दाखवलं.

"मग मला चक्कर येतेय," असं म्हणून ती खाली बसली. मी जवळ गेले. तिच्या हातातल्या पुस्तकात नाटकाचं पान नव्हतंच. आठ पानं अलीकडची नदीवरची कविता उघडलेली होती.

सुट्टीत तिला स्टाफरूमबाहेर बोलावलं. पुस्तकातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. तिने शेजारचं चित्र पाहिलं आणि म्हणाली, "विंडो." शब्द होता 'डोअर'. दुसरा शब्द दाखवला. तिने चित्र शोधलं, सापडलं नाही, आणि मान खाली घातली.

"कधीपासून गं?" माझा आवाज तसाही कुजबुजण्यापुरताच उरला होता.

"पहिलीपासूनच, टीचर. एबीसीडी येते मला. पण जोडून वाचता नाही येत."

"आणि कुणाला कळलं नाही?"

"सगळे टीचर आधी वाचतात ना," ती अगदी साधेपणाने म्हणाली. "मग मला येऊन जातं."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तपासणीला साहेब आले की मी हिलाच उभी करायचे. सगळ्या कविता तोंडपाठ, उच्चार माझ्यापेक्षा स्वच्छ. तोंडी परीक्षेत वीसपैकी वीस माझ्याच हाताने दिलेले. 'रिलक्टंट'चं उदाहरण द्या म्हटल्यावर बाकीचे डोकं खाजवत होते, तर ही म्हणाली होती, "मम्मी आत्याच्या घरी जायला निघते ना टीचर, तेव्हा ती रिलक्टंट असते." वर्ग हसून लोळला होता. आणि लेखी पेपरात? सुंदर अक्षरात प्रश्नच पुन्हा उतरवून काढलेले. आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही, त्यामुळे तिथवर खपलं. नववीच्या सहामाहीत मी त्या पेपरावर लाल पेनाने 'केअरलेस' असं लिहिलं होतं. केअरलेस कोण होतं, ते आता कळलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की तिला शिकवायला बसले. पण वर्गात चोपन्न मुलं, हातात दोन महिने, आणि तिची व्हॅन सुटायला जेमतेम वीस मिनिटं. तीन अक्षरी शब्द ती वाचायला लागली. चार अक्षरांवर अडखळायची. एखादा शब्द मी चुकून आधी उच्चारला की ती लगेच पकडायची आणि वाचल्यासारखं करून दाखवायची. इतक्या वर्षांची सवय. मी रागवायचे, मग मलाच वाईट वाटायचं.

वार्षिक परीक्षेत तिला इंग्रजीच्या लेखीत ऐंशीपैकी सात मिळाले. बाकीचे विषयही इंग्रजीतूनच, तेव्हा तिथे वेगळं काय होणार? आमचे प्रिन्सिपल शरच्चंद्र सर माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"शालिनीबेन, या छोकरीचं एल.सी. देऊन टाकू. दहावीचा शंभर टक्के रिझल्ट आहे आपला, तुम्हाला माहीतच आहे."

"शाळेतून काढणार? सर, नववीत पुन्हा बसवा तिला. एक वर्ष द्या. वाचायला लागलीये ती."

"आणि वर्षभराने पण नाही आलं तर? ट्रस्टी मलाच धरतील ने?" त्यांनी तिचं प्रगतिपुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "हे तोंडीचे वीसपैकी वीस कुणी दिले? तुम्हीच. मग आता कुठल्या तोंडाने सांगायचं की हिला वाचताच येत नाही?"

मी प्रगतिपुस्तक मिटलं. दुसऱ्या शाळेत नाव घालताना पेपर घेतील आणि ते अडखळणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. पंधरा वर्षांच्या मुलीला तीन अक्षरी शब्द शिकवायला तिथे कोण बसणार? बहुतेक ती घरीच राहील. हे मला दिसत होतं, सरांनाही दिसत असणार.

शनिवारी तिचे वडील सरांच्या केबिनमध्ये आले. विश्राम त्यांचं नाव. नंदेसरीला रंगाच्या कारखान्यात पाळीवर काम करणारा माणूस. बोटांना पिवळा रंग कायमचा बसलेला. बरोबर रसिका, गणवेशात, दोन्ही वेण्या घट्ट घातलेल्या.

"बेन, आमची रसू घरी पोयम बोलते ना, तेव्हा शेजारचे गुजराती लोक पण दारात येऊन उभे राहतात," ते मला म्हणाले. "मला एक अक्षर समजत नाही. पण सारू वाटतं, छान वाटतं."

सरांनी गोड बोलून अर्ज पुढे केला. "मुलीच्या फायद्याचंच आहे, विश्रामभाई. दुसऱ्या शाळेत तिच्याकडे जास्त लक्ष देतील. फक्त इथे सही करा."

अर्ज इंग्रजीत होता. 'माझ्या मुलीचं नाव मी स्वखुशीने काढून घेत आहे,' अशा अर्थाचा. विश्रामभाईंनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि लेकीकडे दिला.

"काय लिहिलंय, रसू? वाच बघू."

रसिकाने कागद घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. माझा घसा आता ठणठणीत होता. बोलले असते तर बापाला सगळ्यांसमोर कळलं असतं की त्याच्या हुशार मुलीला वाचता येत नाही. गप्प बसले तर तो सही करणार होता. सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते.

रसिकाने पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. ते डावीकडून उजवीकडे नीट सरकवत ती म्हणाली, "लिहिलंय, पप्पा, की ही मुलगी हुशार आहे. हिचे उच्चार चांगले आहेत." बोट दुसऱ्या ओळीवर आलं. "शाळेत कधी त्रास दिला नाही. मोठ्या शाळेत गेली तर..." इथे ती जरा थांबली. "तर अजून पुढे जाईल."

"एवढं सगळं इंग्लिशमध्ये लिहिलंय?"

"हो, पप्पा."

विश्रामभाईंचा चेहरा उजळला. त्यांनी सरांना हात जोडले, मला जोडले. खिशातून पेन काढलं आणि टेबलावर वाकून, एकेक मराठी अक्षर जपून काढत, सही केली.

खाली वर्गशिक्षिका म्हणून माझ्या सहीची जागा होती. सरांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली.