तिसरी पिन

“आई, ही गिटार चावते.”

चार वर्षांच्या मुलीने हे स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. आईने तिची बोटं पाहिली, त्यांवर फुंकर घातली, माझ्या तारांची वर आलेली टोकं कटरने बारीक छाटली आणि विषय संपवला. मित्रांनो, ती चावणारी गिटार म्हणजे मी. वयाने जुनी, रंगाने लाल आणि आज भयंकर रागावलेली. जुन्या वस्तूंनी गोड बोलावं, उसासे टाकत आपली कहाणी सांगावी, अशी तुमची अपेक्षा असेल तर आज ते जमणार नाही.

मी इलेक्ट्रिक गिटार आहे. साध्या गिटारीचं पोट पोकळ असतं, आवाज तिथेच घुमतो. माझं पोट भरीव लाकडाचं. कारखान्यात त्यात चुंबक आणि तांब्याच्या तारेची वेटोळी बसवली गेली. तारा छेडल्या की मी नुसती कुजबुजते. ती कुजबुज वायरीतून अॅम्प नावाच्या पेटीत जाते आणि तिथे मोठी होते. म्हणजे माझा गळा माझ्यापाशी नाही. तो अॅम्पमध्ये, आणि अॅम्पचा प्लग भिंतीतल्या विजेत.

माझ्या पहिल्या मालकाने मला अनेक वर्षं समारंभांतून वाजवलं. त्याचा कोपर टेकून टेकून माझा एका बाजूचा रंग उडाला आणि खालचं लाकूड दिसू लागलं. “काय बोलते हो तुमची गिटार!” असं लोक म्हणत, तेव्हा तो मला मऊ फडक्याने पुसत असे. पुढे त्याने नवी घेतली आणि मला टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत विकून टाकलं. तिथे तरुण पोरं वाद्यांचा सराव करत. खोली ज्याची होती, त्याला सगळे ‘उस्ताद’ म्हणत. कशात उस्ताद, ते विचारू नका.

उस्तादचा आवडता शब्द होता ‘चालतंय’. माझी एक खुंटी तुटली, तिथे त्याने स्क्रू पिळला. “चालतंय ना?” माझ्या पाठीवर कुणी स्टिकर चिकटवले, कुणी चहाचा कप ठेवला. चालतंय. तेवढंच असतं तर मी गिळून टाकलं असतं.

त्या खोलीत सगळी यंत्रं एकदम सुरू झाली की घूंऽऽ असा आवाज येई. प्लगला तीन पिना असतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. दोन पिना वीज आणतात, नेतात. तिसरी जाड पिन अर्थिंगची. आत काही बिघडून वीज धातूच्या भागावर आली, तर तिला मुकाट्याने जमिनीत नेऊन सोडायचं, हे तिचं काम. ती पिन नसेल तर ती वीज अॅम्पच्या पत्र्यावर येते, वायरीतून माझ्या तारांवर येते आणि तारांना हात लावणाऱ्या माणसातून जमिनीत जाते. उस्तादने करवत घेतली आणि अॅम्पच्या प्लगची तिसरी पिन कापून टाकली. घूं बंद झालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या!

मग एके दिवशी त्या मुलीची आई आली. कॉलेजात असताना ती गिटार वाजवायची. लग्न, नोकरी, बाळंतपण यांत ते सुटलं होतं. तिने मला उचललं, माझी मान डोळ्यांसमोर धरून सरळ आहे का पाहिलं आणि म्हणाली, “ही द्या. अॅम्पसकट.”

“बोर्डपण न्या, ताई, फुकट,” उस्ताद म्हणाला. अॅम्पचा प्लग त्या एक्स्टेन्शन बोर्डात घालून त्यावर त्याने काळी टेप गुंडाळून ठेवली होती. “टेप तेवढी काढू नका. प्लग ढिला पडतो.”

घरी नवऱ्याने कपाळाला हात लावला. “अगं, नवीन घेऊ म्हणत होतो ना? हे काय भंगार उचलून आणलंस?”

“भंगार असशील तू,” ती म्हणाली. “हिच्यावर फक्त धूळ बसलीय.”

खोटं कशाला बोलू, तिने माझं फार केलं. स्टिकरचा चिकटा नखाने खरवडून काढला. जुन्या टूथब्रशने माझ्या मानेवरच्या पट्ट्यांमधला मळ साफ केला. नवी खुंटी बसवली, नव्या तारा चढवल्या, खरखरणारी बटणं उघडून धुतली. पोटातलं सुटलेलं टोक स्वतः डाग देऊन जोडलं. मग नवरा दारात उभा राहून ऐकू लागला आणि म्हणाला, “बरी बोलते की!”

ही बाई किती जपणारी, हे तुम्हाला सांगायला हवं. टेबलाच्या कोपऱ्यांना तिने फोम लावला होता. भिंतीतल्या प्लगांच्या भोकांवर झाकणं होती. द्राक्षसुद्धा मुलीला उभं चिरून मिळे. अशा बाईने माझं पोट उघडून पाहिलं, पण अॅम्पच्या बोर्डावरची टेप उघडून पाहिली नाही. का? तर अॅम्प चालत होता.

तिला स्वतःला काही जाणवत नव्हतं, कारण तिच्या टाचा दुखत आणि घरातही ती जाड रबरी चपला घालून फिरे. रबर वीज अडवतं. मुलगी मात्र अनवाणी.

“अजून चावते,” मुलगी पुन्हा म्हणाली.

“मांडीवरची जागा गेली ना तिची,” बाबा हसले. “सवत आलीय घरात!”

आईही हसली. त्यानंतर मुलीने सांगणं सोडलं आणि मला हात लावणंही सोडलं. “बघ, शहाणी झाली,” बाबा म्हणाले. मित्रांनो, त्या वाक्याचा मला जेवढा संताप आला, तेवढा चहाच्या कपाचाही आला नव्हता. तिला कुणी शहाणं केलं नव्हतं. आपलं इथे कुणी ऐकत नाही, एवढंच ते लेकरू शिकलं होतं.

पुढे एका सकाळी आईच्या चपलेचा पट्टा तुटला. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. अॅम्प सुरू. तिने अनवाणी येऊन माझ्या तारांवर हात ठेवला आणि तो हात खांद्यापर्यंत हिसका बसून मागे फेकला गेला. ती खालीच बसली. चेहरा पांढरा पडला होता.

मुलगी दारात उभी होती. तिने विचारलं, “तुला पण चावली?”

आई रडली नाही. उठली, मेन स्विच बंद केला आणि ती टेप कापली. पिन जिथे असायला हवी, तिथे करवतीची सपाट खूण होती. ती पाहून नवऱ्याचं हसणं त्या दिवसापुरतं संपलं. दोघं मुलीला घेऊन डॉक्टरांकडे धावली. मुलगी धडधाकट होती, आईही. मग आईने मला पाठीवर घेतलं, कापलेला प्लग मुठीत धरला आणि टायरच्या दुकानाचा जिना चढली.

“हे काय आहे?”

“अहो ताई, सगळेच कापतात ती पिन. घूं जातं.”

“मग टेप कशाला गुंडाळलीत? मला दिसू नये म्हणूनच ना?”

“झालं का काही? नाही ना? मग एवढं काय मनावर घेता. द्या परत, पैसे घेऊन जा.”

तिने माझा पट्टा घट्ट धरला. “परत देऊ? म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाच्या गळ्यात माराल?”

तेवढ्यात तिची नजर जमिनीवर गेली. धुळीत दोन चौकोन शेजारी शेजारी उमटले होते. एक आमच्या अॅम्पचा. “हा दुसरा कशाचा?”

“तसलाच अॅम्प होता. विकला.”

“त्याची पिन?”

उस्ताद डोकं खाजवू लागला.

“कुणाला विकलात?”

“एक मुलगी होती. कॉलेजातली असेल. नवीनच शिकतेय म्हणाली. मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर धरून घेऊन गेली.”

“नंबर द्या तिचा.”

“फोन बदलला तेव्हा गेला, ताई. बिघडला तर येईलच की ती.”

बिघडला तर! आईने त्याला काय काय सुनावलं, ते लहान मुलांना सांगण्यासारखं नाही. त्यातला एकही शब्द मला जास्त वाटला नाही.

आमच्या अॅम्पला आता नवा प्लग आहे, आतली फाटकी वायर बदलली आहे आणि भिंतीचं अर्थिंगही तपासून झालं आहे. पण ती मुलगी सापडलेली नाही. आईने फोनवर सगळ्या ग्रुपांत लिहिलं, वाद्यांच्या दुकानांत विचारलं. पत्ता नाही.

म्हणून मित्रांनो, आज मला पुसू नका, माझं कौतुकही करू नका. तो दुसरा अॅम्प करड्या रंगाचा, पुढची जाळी एका कोपऱ्यात फाटलेली. ज्या मुलीकडे तो आहे, ती तुमच्या वरच्या मजल्यावर राहत असेल, तुमच्या मैत्रिणीची ताई असेल. तिचं दार वाजवा. प्लगला तुम्ही हात लावायचा नाही. घरातलं मोठं माणूस सोबत न्या आणि आधी मेन स्विच बंद करायला सांगा. ती म्हणेल, काही होत नाही. तरी दारातून परतू नका. आणि त्या घरातून रोज गिटारचा आवाज यायचा, पण हल्ली येत नसेल, तर चालत जाऊ नका. धावत जा.