निवटीचं नाव

नेरुळच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटवर सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात कुणी फोन केला, तर पलीकडून माणूस बोलत नसे, शिट्टी वाजे. ऋताच्या सासूबाईंनी एकदा दादरहून सहज चौकशीला फोन केला आणि ती किंचाळी कानात घुसल्यावर थेट मुलाच्या ऑफिसात कळवलं, "प्रसाद, तुझ्या घरात काहीतरी जळतंय."

जळत काही नव्हतं. १९९६ साल होतं आणि ऋता 'खाडीकाठ' नावाचा कट्टा चालवत होती. प्रसाद कामावर गेला की ती फोनची वायर काढून मोडेमला लावायची. ज्याच्याकडे संगणक आणि मोडेम असेल त्याने नंबर फिरवायचा, आत यायचं, इतरांनी लिहिलेलं वाचायचं, आपलं लिहायचं आणि पुढच्यासाठी लाइन मोकळी करायची. एका वेळी एकच माणूस. मराठी लिहायची तीही रोमन अक्षरांत. वाशीपासून पनवेलपर्यंतची एकसष्ट माणसं पाणीकपातीपासून बुद्धिबळापर्यंत कशावरही तिथे भांडत होती.

कट्ट्याचा प्रोग्रॅम ऋताचा स्वतःचा. बँकेच्या संगणक विभागातली नोकरी सोडल्यावर तिने तो चार महिने खपून लिहिला आणि त्याची ओळ न् ओळ कट्ट्यावरच ठेवून दिली. कुणीही उतरवून घ्यावी, वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. "घरचं लोणचं वाटावं तसा वाटत सुटलीयेस," प्रसाद म्हणायचा. तिचं म्हणणं साधं होतं. माणसं ज्या यंत्रापाशी मन मोकळं करतात, त्या यंत्राच्या पोटात काय चाललंय हे त्यांना बघता आलंच पाहिजे. झाकलेल्या प्रोग्रॅमवर विश्वास ठेवायचा म्हणजे न वाचता सही करायची.

एक गोष्ट मात्र तिने बँकेतल्या सवयीने केली होती. नावाशिवाय तिथे काहीच उघडत नसे. म्हणून कट्ट्यावर नवा माणूस आला की प्रोग्रॅम त्याचं खरं नाव आणि फोन नंबर विचारी, ऋता त्या नंबरवर बोलून खात्री करी आणि मगच प्रवेश देई. बाकीच्यांना दिसे फक्त टोपणनाव. खरी नावं एका फाइलीत पडून असत.

जुलैमध्ये 'निवटी' या टोपणनावाने चार ओळी आल्या. तळोज्याच्या एका रासायनिक कारखान्याचं सांडपाणी प्रक्रिया न करताच नाल्यात सोडलं जातं, नाला खाडीला मिळतो, आणि तपासणीच्या दिवशी तेवढं ते स्वच्छ असतं. खाली तीन तारखा आणि त्या दिवशीच्या पाण्यातल्या घाणीचं माप. मर्यादा अडीचशेची. आकडे दोन हजारांच्या वरचे.

कुणीतरी त्या ओळी छापून करावे गावातल्या देवळाच्या फळ्यावर लावल्या. तिथल्या कोळ्यांच्या जाळ्यात महिनाभर मेलेलीच मासळी येत होती. आठवड्यात वर्तमानपत्राचा माणूस कारखान्याच्या फाटकावर उभा राहिला.

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा. पण हे नाव घेणारी होती जयमाला, त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेतली केमिस्ट. ती जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्याच संगणकावरून कट्ट्यावर येई. हे जगात दोघींनाच ठाऊक होतं, आणि त्या दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. फक्त एकदा फोनवर ऋताने विचारलं होतं, "जयमाला आपणच का?" आणि पलीकडून उत्तर आलं होतं, "हो. मोठ्याने बोलू नका."

एका रविवारी सकाळी दिनानाथ गुप्ते आले. सोसायटीचे सेक्रेटरी आणि त्याच कारखान्याचे पर्सोनेल मॅनेजर. हातात सोसायटीचं रजिस्टर नव्हतं, त्यावरूनच काम कारखान्याचं आहे हे ऋताने ओळखलं.

"वहिनी, चहा नको. एकच काम आहे. ही निवटी कोण?"

"सांगता येणार नाही."

"माहीत नाही म्हणू नका. आमच्या इंजिनिअरने तुमचा प्रोग्रॅम वाचलाय. नाव आणि नंबर घेतल्याशिवाय तो कुणाला आत सोडत नाही."

"माहीत नाही असं कुठे म्हटलं? सांगणार नाही म्हटलं."

गुप्ते हसले. "बरं. तुमच्या या मशिनवरचं सगळं सॉफ्टवेअर परवान्याचं आहे ना? हल्ली धाडी पडतात. उगाच टेन्शन."

"कट्टा माझा, तो ज्या सॉफ्टवेअरवर लिहिला तो कम्पायलरही फुकट वाटण्यासाठीच बनवलेला. धाड घालाच," ऋता म्हणाली. "पण आधी तुमच्या ऑफिसात घाला, गुप्तेसाहेब. तिथल्या बारा मशिनवर एकच फ्लॉपी फिरलीय. बसवून द्यायला आमच्या प्रसादलाच नेलं होतं तुम्ही."

आतल्या खोलीत प्रसाद खोकला.

गुप्त्यांचा आवाज खाली आला. "मग नाव नका सांगू. आम्हाला ते कळलंच आहे. करावेचा गोटीराम तांडेल, आमच्या सांडपाण्याच्या प्लॅन्टवरचा ऑपरेटर. गाव करावे, नाव निवटी, कागद लागला करावेच्या देवळात. उद्या त्याला चार्जशीट देतोय. तो नसेल तर तुम्ही फक्त 'नाही' म्हणा. बिचाऱ्याचं घर वाचेल."

गोटीराम कट्ट्याचा सभासदच नव्हता. 'नाही' हा शब्द ऋताच्या ओठांवर आला होता. तेवढ्यात गुप्त्यांच्या खिशातल्या घडी घातलेल्या कागदाकडे तिचं लक्ष गेलं. वरच्या कडेला नावं दिसत होती, एकाखाली एक.

"किती नावं आहेत त्यात?" तिने विचारलं.

"सहा."

"म्हणजे आज गोटीरामला 'नाही' म्हटलं की दुसऱ्याचं विचाराल. पाच वेळा 'नाही' म्हटलं की सहाव्याला घरी पाठवाल. मी एकाही नावावर काही बोलणार नाही. हो नाही आणि नाहीपण नाही."

"मग त्या माणसाचं पाप तुमच्या डोक्यावर."

"चार्जशीटवर सही माझी असणार आहे का?"

गुप्ते गेल्यावर प्रसाद बाहेर आला. "तू बरोबरच आहेस," तो म्हणाला, "पण तो गोटीराम काय तुझं तत्त्व शिजवून खाणार आहे?"

सोमवारी तिने तीन कामं केली. निवटीला खाजगी निरोप ठेवला: 'संशय गोटीराम तांडेलवर आहे. माझ्याकडून कुणाचंही नाव जाणार नाही. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा.' मग खऱ्या नावांची फाइल पुसली आणि तिच्या जागी निरर्थक अक्षरं पुन्हा पुन्हा लिहिली, म्हणजे कुणाला ती खरवडून काढता येऊ नये. शेवटी प्रोग्रॅममधला नाव विचारणारा भागच काढून टाकला आणि नवी प्रत कट्ट्यावर ठेवली. सोबत तिची टीप होती: 'मी तुमची नावं घ्यायला नको होती. चूक माझी. यापुढे हा प्रोग्रॅम नाव विचारत नाही. खात्री नसेल त्याने वाचून बघावं.' एक सभासद रागावला, आता कुणीही येऊन घाण करेल म्हणाला. ऋताने त्याला लिहिलं, घाण झाली तर मी झाडीन.

निवटी आठ दिवस कट्ट्यावर फिरकली नाही. निरोप न वाचता पडून होता.

गोटीराम मात्र आला. पन्नाशीचा, रापलेला, कारखान्याच्या खाकी शर्टातच. चपला बाहेर काढून दारातच उभा राहिला.

"बाय, मी निवटी खातंव, लिवत नाय," तो म्हणाला. "ती मशीन मना चालू करता येत नाय. तुमी फकस्त साहेबाला एवढंच सांगा, हा नाय म्हनून."

ऋताने त्याला आत बसवलं, पाणी दिलं आणि सहा नावांचा कागद समजावून सांगितला. काही लपवलं नाही. 'नाही' म्हटलं तर काय होईल, न म्हटलं तर काय होईल, दोन्ही सांगितलं. मान खाली घालून सांगितलं, कारण अठ्ठावीस दिवसांनी निवृत्त होणाऱ्याचीही नोकरी जाताना बघणं सोपं नसतं, आणि गोटीरामची तर आठ वर्षं बाकी होती.

तो पाणी प्यायला. मग म्हणाला, "ते आकडं खरं हायेत का?"

"माझ्या मते खरे आहेत."

"मना ठाव हाय खरं हायेत. नाल्याचा वॉल्व मीच फिरवतंव ना, त्यांनी सांगितलं की." त्याने पेला खाली ठेवला. "माजा सख्खा भाव खाडीवर जातो. रिकामा येतो. आन् मी घरी पगार नेतंव. ज्यानं लिवलं त्याचं नाव नका सांगू. मना विचारतील तर मीपन बोलनार, शाबीत करा."

"तुम्हाला साक्षीला मी हवी का?"

"ते बोलवनार हायेत तुमाला. यायलाच पायजे. नाय आलात तर लिवतील, बाई घाबरली."

चौकशी कारखान्यातच, कॅन्टीनच्या वरच्या खोलीत होती. चौकशी अधिकारी म्हणून पनवेलचे एक वकील, शेजारी टायपिस्ट, समोर गुप्ते आणि गोटीराम. गोटीरामवरचा आरोप वाचला गेला: कंपनीविरुद्ध खोटी व बदनामीकारक माहिती पसरवणे.

ऋताला विचारलं, निवटी हे टोपणनाव या कामगाराचं आहे का. ती म्हणाली, "कुठल्याही नावाबद्दल मी उत्तर देणार नाही. यादीही आता नाही. मी पुसली. कट्ट्याचा प्रोग्रॅम तुमच्या इंजिनिअरला वाचायला मोकळा आहे."

"पुरावा नष्ट केलात?" वकिलांनी विचारलं.

"तुमचा नव्हता तो. लोकांनी माझ्यावर विश्वासाने ठेवलेली वस्तू होती. सांभाळता येईना, म्हणून मोडली."

वकिलांनी तिला मागच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. मग गुप्त्यांनी कंपनीचा दुसरा साक्षीदार बोलावला. आकडे खोटे आहेत हे सिद्ध करायचं, तर ते खोटे म्हणणारं कुणीतरी हवं. त्यांनी प्रयोगशाळेला कळवलं होतं आणि प्रयोगशाळेने आपली सर्वांत जुनी केमिस्ट पाठवली होती.

दारातून पांढऱ्या कोटातली, चष्मा लावलेली, चाळिशीची बाई आत आली. काखेत रजिस्टर होतं. "नाव?" टायपिस्टने विचारलं.

"जयमाला."

ऋताने समोरच्या भिंतीवरच्या सुरक्षिततेच्या तक्त्याकडे नजर लावली आणि ती तिथून हलू दिली नाही.

"मॅडम," गुप्ते म्हणाले, "हे तीन आकडे खोटे आहेत, एवढं फक्त सांगा."

जयमालाने रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं. खुणेला तिने गाळणीच्या कागदाच्या पट्ट्या घातल्या होत्या. "बरोबर आहेत," ती म्हणाली. "पानं बावन्न, सत्तावन्न, एकसष्ट. नमुने मी तपासलेत. सही माझी आहे, आणि खाली तुमच्या प्लॅन्ट मॅनेजरची."



"हे लिहू नका," गुप्ते टायपिस्टला म्हणाले.

"लिवा," गोटीराम म्हणाला. तो खुर्चीतून उठला नव्हता. "परतेक पानावर माजी सही लागते ना, साहेब? मंग वाचल्याबिगर मी करनार नाय. आन् हे नसंल तर पेन हातातच घेनार नाय."

वकिलांनी गुप्त्यांकडे पाहिलं. पस्तीस वर्षं चौकश्या केलेला माणूस होता. "प्रश्न तुमचाच होता," ते म्हणाले. "उत्तर लिहावं लागेल." टायपिस्टने चार कागद आणि तीन कार्बन सारखे केले आणि ती ओळ ठोकली.

"मग आकडे बाहेर दिले कुणी?" गुप्ते जयमालाकडे बघत म्हणाले.

"ते आरोपपत्रात नाही," वकील म्हणाले. "पुढे?"

पुढे काही नव्हतं. सह्या झाल्या. जयमालाने चष्मा काढून पुसला, रजिस्टर काखेत मारलं आणि तीन वाजताचा नमुना घ्यायचाय म्हणून निघून गेली. जाताना ऋताच्या खुर्चीशेजारून गेली, पण थांबली नाही. उद्या तिला शिक्षा म्हणून कोणत्या कपाटामागे बसवतील, हे त्या खोलीतल्या सगळ्यांनाच कळत होतं. तिलाही.

फाटकाबाहेर गोटीरामने आपली कार्बनची प्रत ऋताच्या हातात दिली. नियमाने आरोपीला ती मिळते. "बाय, हे तुमच्या त्या मशिनीत टाका. आजच."

"तुमचं नाव गाळून टाकते."

"गाळू नका," तो म्हणाला. "गोटीराम तांडेल, मुक्काम करावे. आन् खाली लिवा, वॉल्व फिरवनारा."