ग्लाझिनोची एक ओळ

मृणालिनी ॲन आर्बरला पीएचडी करत होती आणि हेलन ब्रॉंक यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहत होती. हेलन शहाऐंशी वर्षांच्या. त्यांचे वडील यान दहाव्या वर्षी काकाबरोबर अमेरिकेत आले, ते पोलंडच्या उत्तरेकडच्या ग्लाझिनो नावाच्या गावातून. तिथले लोक काशुबी बोलतात. हेलनना त्या भाषेतलं एकच वाक्य यायचं. वडील रोज संध्याकाळी ते म्हणायचे. ती प्रार्थना आहे, असं त्या लहानपणापासून समजून होत्या. वडिलांच्या अंत्यविधीलाही त्यांनी तेच म्हटलं होतं.

ग्लाझिनोचे एक निवृत्त शिक्षक, हिंत्स, गावाचा इतिहास लिहीत आहेत, हे मृणालिनीला इंटरनेटवर सापडलं. तिने त्यांना ईमेल केला आणि रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल ठरला. हेलन मोत्यांची माळ घालून बसल्या.

हिंत्स इंग्रजी सावकाश बोलत. त्यांनी गावातल्या घरांची आणि माणसांची जुनी यादी काढली. यानच्या नावापुढे एवढंच होतं: अमेरिकेला गेला. मग हेलननी डोळे मिटून ते वाक्य म्हणून दाखवलं.

हिंत्सनी हातातली यादी खाली ठेवली.

"ही प्रार्थना नाही," ते हळूच म्हणाले. "याचा अर्थ, फाटक लाव, हंस बाहेर जातील."

 नसती उठाठेव केली आपण, असं मृणालिनीला झालं. हेलनचा चेहरा उतरला होता.

हिंत्स सांगू लागले. गावातल्या पोरांकडे घरचे पाळीव हंस राखायचं काम असे, आणि तिन्हीसांजेला प्रत्येक आई दारातून हेच ओरडायची. त्यांची आईसुद्धा.

"म्हणजे हे बाबांच्या आईचे, माझ्या आजीचे शब्द," हेलन म्हणाल्या. आजीचा ना फोटो होता घरात, ना पत्र. त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी जरा मोठ्याने, दटावल्यासारखं. हिंत्सनी एक उच्चार सुधारून दिला. तो शिकताना दोघंही हसली.

कॉल संपवण्याआधी हेलननी त्यांना बजावलं, "पुस्तकात नुसतं अमेरिकेला गेला, असं ठेवू नका. तो हंस राखायचा, हेही लिहा."

हिंत्सनी लगेच पेन उचललं आणि विचारलं, "किती होते?"

हेलनना ते ठाऊक नव्हतं. "पुष्कळ," त्या म्हणाल्या.