खंडूनानांचं वावर

पंचवटीत भाजीबाजाराच्या तोंडाशी जो चहाचा गाडा लागतो, तिथं सकाळी सातला खंडेराव बोरस्ते बसलेला दिसला, की ओळखीची माणसं रस्ता बदलायची. माणूस वाईट नव्हता हो! ओझरच्या विमान कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर म्हणून काढलेली, मुलगी पुण्याला दिलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याला रग्बीचं वेड होतं, आणि समोर आलेल्या प्रत्येकाला ते लागावं असा त्याचा हट्ट होता.

"न्यूझीलंड केवढा देश आहे, सांग," तो केरूला विचारायचा. केरू म्हणजे कारखान्यातला त्याचा जोडीदार, रोज त्याच्या वाट्याला येणारा.

"पन्नास लाख लोकवस्ती. काल सांगितलं, परवा सांगितलं," केरू बशीत चहा ओतत म्हणायचा.

"आणि आपला नाशिक जिल्हा? साठ लाखांच्या वर! फिजी तर आपल्या एका शहरापेक्षा लहान, नऊ लाख माणसं. त्यांनी ऑलिंपिकमध्ये सोनं घेतलं. एकदा नाही, दोनदा! आपलं सरकार काय म्हणतं? आधी पदक आणा, मग पैसे देतो. अरे, पेरणीच्या आधी पीक मागता होय रे?"

एवढं बोलून तो टपरीच्या फळीवर थाप मारायचा आणि फळीवरचे ग्लास नाचायचे. गाडेवाला कपाळाला हात लावायचा.

खरं सांगायचं तर खंडेरावानं आयुष्यात रग्बीचा चेंडू हातात धरला नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी पावसानं क्रिकेटची मॅच धुतली, म्हणून त्यानं चॅनेल बदललं, आणि तिथं धिप्पाड गडी चिखलात एकमेकांना लोळवताना दिसले. चेंडू पुढं न्यायचा, पण हातानं द्यायचा मागच्यालाच, हा नियम कळला तेव्हा तो खुर्चीतून उठूनच उभा राहिला. पुढं पळणाऱ्यानं मागच्यावर भरवसा ठेवायचा! असला खेळ त्यानं पाहिला नव्हता. तेव्हापासून तो पहाटे उठून परदेशातल्या मॅचेस बघायचा, आणि क्रीडा खात्याला महिन्याला एक पत्र लिहायचा. उत्तर कधी आलं नाही, पण पत्र चुकलं नाही.

मग त्याला ज्योत्स्ना सापडली.

पेठच्या बाजूला, डोंगरात, आंबेपाडा म्हणून वस्ती आहे. तिथली ही बावीस वर्षांची पोर भारताच्या टीमकडून आशियातली एक स्पर्धा खेळून आली होती. पेपरात चार ओळी आल्या होत्या, तेवढ्यावर खंडेराव एसटी पकडून तिच्या दारात हजर! ज्योत्स्ना आश्रमशाळेच्या माळावर पाड्यावरच्या मुलींना रग्बी शिकवत होती. मुली अनवाणी, चेंडू एकच, तोही ठिगळाचा. पण पळत होत्या अशा, की खंडेरावाच्या डोळ्यांतून पाणीच आलं. त्या दिवसापासून तो त्यांचा नाना झाला. महिन्यातून दोन रविवार तो डोंगरात, आणि उरलेले दिवस टपरीवर, "आमच्या पोरी" असं म्हणत.

आणि यंदा, चमत्कारच म्हणायचा, पत्राला उत्तर आलं. क्रीडा खात्याची प्रशिक्षण केंद्रं द्यायची एक योजना होती. केंद्र मिळालं तर ज्योत्स्नाला दरमहा मानधन, मुलींना बूट आणि दूध-अंडी. नाही मिळालं तर ज्योत्स्नानं स्पष्ट सांगितलं होतं, "नाना, मी अंबडला कंपनीत पॅकिंगला लागणार. घरी किती दिवस बसून खाऊ?" आणि ती गेली की माळावरचा खेळ संपला. तिच्याशिवाय शिकवणार कोण? टपरीवरचा म्हातारा?

क्रीडा खात्याच्या साहेबांनी खंडेरावाला ऑफिसात बोलावलं. बिचारा माणूस चांगला होता. म्हणाला, "नाशिकमध्ये एक सामना ठेवा. दुसऱ्या जिल्ह्याची टीम मी बोलावतो. खेळ बघून ठरवू, त्याआधी तुम्ही तीन मिनिटं बोला. जुलैचा दुसरा रविवार चालेल, की सप्टेंबर?"

"जुलैच!" खंडेराव म्हणाला. "उशीर कशाला, साहेब?"

इथंच गडी चुकला. खंडेराव निफाडकडचा, द्राक्षवाल्यांच्या घरचा. त्याच्या घरी जुलै म्हणजे निवांत महिना. एप्रिलची छाटणी कधीच झालेली, ऑक्टोबरच्या छाटणीला अवकाश, लग्नाकार्याला जावं, देवदर्शन करावं. डोंगरातल्या भातवाल्यांचा जुलै कसा असतो, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही. जगातल्या सगळ्या टीमांचं वेळापत्रक त्याला पाठ होतं, पण पाड्याचं विचारायचं राहिलं!

सगळं पक्कं झाल्यावर, सामन्याच्या आधीच्या गुरुवारी तो पेढे घेऊन आंबेपाड्यावर गेला. तारीख सांगितली. मुलींच्या तोंडावरचं हसू गेलं. ज्योत्स्ना खाली बघायला लागली. बोलली ती तिची आई, भिमाबाई.

"नाना, त्या रविवारी आवणी हाय, भाताची लावणी."

"मग एक दिवस पुढं ढकला की."

भिमाबाईनं त्याच्याकडं अशी नजर टाकली, की खंडेराव पेढ्याचा बॉक्स पाठीमागं लपवायला लागला. मग तिनं त्याला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. भाताची रोपं एकदा उपटली की चिखलात लावायलाच लागतात, थांबत नाहीत. एकट्या घराला ते झेपत नाही, म्हणून अख्ख्या पाड्याची सावड असते. आज सगळी माणसं माझ्या वावरात, उद्या सगळी तुझ्या वावरात. पैशाचा प्रश्नच नाही, माणसाला माणूस. भिमाबाईचं वावर कालच लावून झालं होतं, अख्खा पाडा राबला होता. आता रविवारी सावळीरामबाबाच्या वावराची पाळी, आणि ज्योत्स्ना धरून टीममधल्या बाराच्या बारा मुली त्या सावडीत मोजलेल्या.

"माझं लावून घेतलं नि त्याच्या टायमाला पोरी खेळाया धाडल्या, तर मी पाड्यात तोंड कसं दाखवू?" भिमाबाई म्हणाली. "पुढच्या साली माझ्या बांधावर कुत्रं नाय यायचं. तुमचा खेळ लय मोठा असंल नाना, पण सावड मोडायची नाय."

खंडेराव खाली फाट्यावर धावला, तिथं रेंज होती. साहेबांना फोन लावला, पण दुसऱ्या जिल्ह्याच्या टीमची तिकिटं काढून झाली होती. जाताना एसटीत त्यानं स्वतःला इतक्या शिव्या घातल्या, की शेजारचा माणूस उठून मागं जाऊन बसला.

शुक्रवारी सकाळी टपरीवर तो न्यूझीलंडबद्दल एक अक्षर बोलला नाही. केरू घाबरला.

"बरं वाटत नाही का रे?"

"केरू, आपल्या बॅचचे किती जण अजून चालते-फिरते आहेत?"

रविवारी पहाटे आंबेपाड्यावर एक जीप आणि एक ओमनी येऊन थांबली. त्यातून कण्हत-कुथत बारा म्हातारे उतरले. कुणाला शुगर, कुणाचा गुडघा बदललेला, केरूच्या कमरेला पट्टा. सगळ्यांच्या पुढं खंडेराव, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला.

"भिमाबाई, बारा पोरी मोजलेल्या ना? ही बारा माणसं मोजून घ्या, आणि पोरींना या गाड्यांत बसवा."

भिमाबाईनं खरंच मोजली. एकेकाच्या हाताचे तळवे बघितले, आणि मग म्हणाली, "माणसं बारा हायत, पर काम सहाचं बी नाय व्हायचं." मग क्षणभर थांबली. "जाऊ द्या. सावडीला माणूस मोजतात, काम नाय मोजत. जा गं पोरींनो."

ज्योत्स्ना गाडीत बसता बसता परत खाली आली. "नाना, तुम्ही चला की. बोलणार कोण? तुमचं तीन मिनिटांचं भाषण आहे."

"मी आलो तर अकरा होतील," खंडेराव म्हणाला. पंधरा वर्षं ज्याची वाट बघितली, तो नाशिकातला पहिला सामना तीन तासांवर होता, आणि तो त्याला बघायला मिळणार नव्हता. "जा बाई. बोलू नकोस, खेळ."

मग काय विचारता! चिखलात पाय रुतत होते, पाऊस पाठीवर कोसळत होता, आणि वाकून मागं मागं सरकत तीन-तीन काड्या रोवायच्या. पाड्यातल्या बायका हसून बेजार झाल्या. "नाना, कोथिंबीर लावताय का भात?" असं एकीनं विचारलं. केरू दोनदा चिखलात बसला. त्याला उठवायला गेलेला तिसऱ्यांदा बसला. दहाच्या सुमाराला खंडेरावानं फोन काढून बघितला, पण त्या खोऱ्यात रेंज कुठली! सामना सुरू झाला असेल, एवढंच तो मनाशी म्हणाला, आणि पुन्हा वाकला. दुपारपर्यंत म्हाताऱ्यांच्या ओळी नदीच्या वळणासारख्या गेल्या होत्या, पण वावर हिरवं झालं होतं. सावळीरामबाबानं बांधावरून बघितलं आणि आपल्या हातानं सगळ्यांना नाचणीची भाकरी वाढली.

चारला गाड्या परत आल्या. मुली ओरडतच उतरल्या. चोवीस-दहा! चार ट्राय, चारदा चेंडू रेषेपलीकडं टेकवलेला! खंडेराव चिखलाच्या हातांनी एकेकीच्या डोक्यावरून हात फिरवत सुटला. पण ज्योत्स्ना हसत नव्हती.

"साहेब काय म्हणाले?"

"मुली फार छान खेळतात म्हणाले. मग त्यांनी मैदानाबाहेरची माणसं मोजली. सात होती, नाना. दोन ड्रायव्हर आणि एक चहावाला धरून. म्हणाले, ज्या खेळाला बघायलाच कुणी नाही त्याला केंद्र द्या, असं मी वर कसं लिहू? मी म्हटलं, साहेब, आमचे प्रेक्षक आमच्या वावरात आवणी करतायत. त्यांना वाटलं मी थट्टा करते." तिनं नाक ओढलं. "सप्टेंबरात पुन्हा एकदा बघतो म्हणाले. शेवटचं."

खंडेराव मटकन बांधावर बसला. आपण बारा म्हातारे तिथं नुसते टाळ्या वाजवत असतो, तर? पण मग पोरी आल्याच नसत्या. इकडून धरलं की तिकडून सुटत होतं. भिमाबाई हात धूत सगळं ऐकत होती.

सप्टेंबरचा तो रविवार उजाडला तेव्हा खंडेरावानं टपरीवर, बाजारात, सोसायटीत मिळून दोनशे माणसांना सांगून ठेवलं होतं. सगळ्यांनी "नक्की येतो नाना" म्हटलं होतं. त्याच दिवशी टीव्हीवर क्रिकेट होतं. मैदानावर आले ते तेच बारा म्हातारे, आणि केरूची बायको, ती त्याच्या कमरेवर लक्ष ठेवायला. साहेब खुर्चीत बसून फायलीत काहीतरी लिहीत होते. खंडेराव उठून फाटकापर्यंत जाऊन आला. एकदा त्याला वाटलं, घरी निघून जावं.

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजले. एकापाठोपाठ एक दहा पिकअप फाटकातून आत आल्या, माणसांनी खच्चून भरलेल्या. बायका उतरल्या, गडी उतरले, कडेवरची पोरं उतरली, सावळीरामबाबाला दोघांनी धरून उतरवलं. अख्खा आंबेपाडा आणि शेजारचे दोन पाडे! सगळ्यांच्या पुढं भिमाबाई, नवं लुगडं नेसून.

"नाना, कुठं बसायचं?" ती म्हणाली. "हेच तुमचं वावर ना?"

खंडेरावाला काही कळेना. "अहो, एवढी माणसं..."

"तुमी आमच्या वावरात बारा माणसं आणली. तुमाला वावर नाय, भात नाय, मग सावड फेडायची कुठं? लय इचार केला. मग ज्योत्स्ना बोलली, नानाला माणसं पायजेत ती बघाया. मंग म्हटलं, चला. भात निसावलंय, लोंब्या भाईर आल्यात, निंदणी उरकली, आता हाताला काम बी नाय." तिनं मैदानाकडं बघितलं. "वरडायचं कधी, तेवढं सांगा."

खंडेराव सांगायला गेला, चेंडू रेषेपलीकडं टेकवला की ओरडायचं. पण कोण ऐकतो! पहिली शिट्टी वाजली आणि अडीचशे माणसं जी ओरडायला लागली, ती सामन्याची सात-सात मिळून चौदा मिनिटं थांबलीच नाहीत. चेंडू आपल्याकडं असो की त्यांच्याकडं, ओरडणं चालूच. ज्योत्स्ना एकीला चुकवून, दुसरीला चुकवून रेषेकडं सुटली, तेव्हा भिमाबाई आपण आई आहोत, पाड्यात आपला मान आहे, सगळं विसरून बांबूच्या कठड्यावर चढली. जिंदगीत पहिल्यांदा तिनं लेकीला सामना खेळताना बघितलं होतं. "माझी हाय! ती माझी हाय!" ती साहेबांकडं बघून ओरडत होती. खंडेरावाची छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण तुटतं की काय असं केरूला वाटलं. जगातल्या कुठल्याही स्टेडियममध्ये असा आवाज त्यानं ऐकला नव्हता, आणि ऐकलाय असं कुणी म्हटलं असतं तर तो भांडला असता.

पोरींनी सामना एका ट्रायनं जिंकला. साहेब खुर्चीतून उठून आले.

"बोरस्ते, खरं सांगा. गाड्या पाठवून, जेवण देऊन गर्दी जमवलीत ना?"

खंडेरावाच्या खिशात तीन मिनिटांचं भाषण होतं. फिजी होतं त्यात, न्यूझीलंड होतं, सरकारनं पैसा कुठं घालावा याचे सात मुद्दे होते. त्यानं तोंड उघडलं, पण एवढंच निघालं, "नाही साहेब. हे सावड फेडायला आलेत."

सावड काय ते साहेबांना भिमाबाईनं सांगितलं. त्यांनी ऐकलं, कमरेत वाकलेल्या बारा म्हाताऱ्यांकडं एकदा बघितलं, कठड्यावरच्या माणसांकडं बघितलं, आणि उभ्या उभ्याच फाईल उघडून सही केली. "केंद्र देतो. एका वर्षासाठी. पुढच्या वर्षी पुन्हा बघायला येईन."

मुली ज्योत्स्नावर तुटून पडल्या. म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले. खंडेरावानं भिमाबाईला हात जोडले.

"भिमाबाई, फिटली हो सावड. उपकार झाले."

"फिटली?" भिमाबाई कठड्यावरून उतरत म्हणाली. "बारा माणसाला अडीचशे आणली, नाना. आता उलटं तुमच्याच अंगावर निघतंय. जुलैला किती माणसं आणताय, ते सांगा आधी."

"जितकी चालती-फिरती असतील तितकी," खंडेराव म्हणाला, आणि मागं वळून केरूला ओरडला, "ए केरू, तो कमरेचा पट्टा जपून ठेव रे!"