खडकाच्या नावाने दाखला

भावोजींची कालवं म्हणजे साक्षात पुण्यात्मे. हौदात जन्मली, वेळेवर जेवली, भरती-ओहोटीचं तोंड कधी पाहिलं नाही, तरी समुद्रातल्या रोगाला म्हणे पुरून उरणार. तसं पत्रकही छापून झालं होतं. गेल्या वर्षीच्या रोगात भावोजींची खाडीतली सगळी कालवं मेली होती. आता हौदातलं हे पिल्लांचं बी गेलं की धंदाच गेला. ते सोमवारी खाडीत सोडायचं होतं. अडलं होतं फक्त प्रयोगशाळेच्या दाखल्यावाचून, आणि तपासणारी तर सख्खी वहिनी.

वहिनींनी दोन पिशव्या मागवल्या होत्या. एक हौदातल्या कालवांची, दुसरी धक्क्याजवळच्या खडकावरच्या रानटी कालवांची. खडकावरची रोगातून तगलेली, त्यामुळे त्यांच्या जनुकांत तगण्याची खूण ठसठशीत असणार. तीच हौदातल्यांत सापडली, की भावोजी जिंकले.

सापडली. पण वहिनींनी दाखल्याऐवजी चहा पुढे केला.

"भावोजी, तुमची कालवं रोगाला भारी आहेत."

"मी सांगतच होतो, वहिनी."

"शिवाय एक चमत्कार. चारच आईबापांची प्रजा, तरी जनुकांत अख्ख्या खडकाएवढी विविधता. आणि दोन शिंपल्यांना खडकाची कपची चिकटलेली. हौदात खडक कधी टाकलात?"

भावोजींनी बशीत पाहिलं. "हौदातली जरा किरकोळ दिसत होती. म्हटलं, घरच्या अब्रूचा प्रश्न आहे, नमुना चांगला जावा."

"म्हणून परीक्षेला शेजाऱ्याला बसवलंत. परवा मीच तुमच्या हौदातून मूठभर आणून तपासली. निवड तिथंही झालीय. भराभर वाढणारी, गर्दी सोसणारी तेवढी उरलीत. रोगाच्या खुणेचा पत्ता नाही. सोमवारी सोडा, महिन्याभरात टरफलं गोळा करा."

"म्हणजे दाखला नाही."

"आहे की, खडकाच्या नावाने. त्या कालवांना आईबाप करा. बी पुढच्या हंगामात."

"आणि छापलेली पत्रकं?"

"मागून कोरी आहेत ना? हौदांना चिठ्ठ्या लावायला होतील."

सोमवारी ओहोटीला भावोजी छिन्नी-हातोडी घेऊन खडकावर बसले. देवाने उन्हात, लाटांत, रोगराईत, एकही पत्रक न छापता जी निवड करून ठेवली होती, ती हलक्या हाताने सोडवू लागले. एकही शिंपला फुटला नाही. आठवड्यापूर्वी हेच काम चोरून केल्यामुळे हात चांगला बसला होता.