लौकिकाची समई

जयमालाबाईंनी अंगठ्याने बटण दाबले, आणि टीव्हीच्या पडद्यावरच्या पाटलीणबाईंनी भुकेल्या म्हाताऱ्याच्या झोळीत पायलीभर तांदूळ ओतले. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांनी माना वळवून पाहिले. पडद्याच्या कोपऱ्यातली समई थरथरली आणि तिची ज्योत बोटभर उंच झाली.

“वाढली,” जयमालाबाई समाधानाने म्हणाल्या.

शेजारी बसून त्यांची नात मनाली पावट्याच्या शेंगा सोलत होती. बेलापूरच्या एका कंपनीत ती व्हिडिओ गेममधले संवाद लिहीत असे. हा खेळ अजून बाजारात यायचा होता, आणि आयुष्यात कधी असला खेळ न खेळलेले माणूस तिला तो तपासायला हवे होते. खाडीकाठचे एक गाव, त्यात नव्याने आलेली पाटलीण, आणि ती समई, म्हणजे गावातला तिचा लौकिक. एवढे ऐकल्यावर जयमालाबाईंनी अधिक समजावून घेण्याची गरज मानली नव्हती. बावीस वर्षे मुख्याध्यापिका म्हणून वावरलेल्या बाईला लौकिक म्हणजे काय, हे कोणी शिकवावे?

खेळातली मेख त्यांनी पहिल्या तासातच ओळखली. मिठागराच्या झोपडीत तापाने फणफणलेल्या मजुराला त्यांनी पाणी पाजले, तेव्हा ज्योत हललीसुद्धा नाही. तिथे पाहायला कोणी नव्हते. त्यानंतर जयमालाबाई शहाण्या झाल्या. दान द्यायचे ते विहिरीवर, भांडण सोडवायचे ते देवळापुढे. एकदा तर हातात भाकरी घेऊन त्या धक्क्यावर माणसे जमण्याची वाट पाहत उभ्या राहिल्या.

“आजी, तू निवडणुकीला उभी राहा,” मनाली हसत म्हणाली. “आपल्या उलव्यात जोरात चालशील.”

“चारचौघांत केलं की चौघे शिकतात,” जयमालाबाईंनी ऐकवले. “चांगुलपणा झाकून ठेवायला तो काय चोरीचा माल आहे?”

मग धुके आले. गावच्या सभेत पाटलीणबाईंना मानाची शाल मिळायची होती, आणि त्या होडीने तिकडे निघाल्या होत्या. बांधावर एक बाई मोडके वल्हे घेऊन बसली होती. बाई, मला पलीकडे सोडता का, तिने विचारले. जयमालाबाईंनी होडी थांबवली आणि पडदा डावीउजवीकडे फिरवून पाहिला. चिटपाखरू नव्हते. वळसा घेतला असता तर सभा चुकली असती. त्यांनी होडी पुढे हाकली.

मनालीचे हात शेंगांवर थांबले आणि पुन्हा चालू लागले.

शाल मिळाली. समई एवढी उजळली, की अर्धा पडदा सोनेरी झाला. जयमालाबाईंना ऋषीचे, त्यांच्या नातवाचे, लग्न आठवले. गेल्या मार्गशीर्षातच झालेले. त्यांची लेक गीतांजली जासईच्या कुंदनशी लग्न करून गेली, त्याला सात वर्षे झाली होती. जात वेगळी, बोली वेगळी. जयमालाबाईंनी तिचे नाव टाकले होते. पण ऋषीच्या मांडवात त्यांनी तिला हाताला धरून पाटावर बसवले आणि सगळ्या गोतासमोर पैठणीने तिची ओटी भरली. श्यामसुंदररावांनी, त्यांच्या यजमानांनी, उपरण्याने डोळे पुसले. खालच्या मजल्यावरच्या मालतीबाई तर अजून भेटेल त्याला सांगत असत, की मन असावे तर जयमालाबाईंसारखे.

त्यानंतर संक्रांतीच्या दुपारी गीतांजली आली, ती एकटीच, तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन. जयमालाबाईंनी साखळी न काढता दार बोटभर उघडले. राग निवला नव्हताच. मांडवात तो फक्त दाखवता आला नव्हता. डबा फटीतून आत येईना. घरात आत्ता कुणी नाही, नंतर ये, असे सांगून त्यांनी दार लावून घेतले. बंद दारामागे त्या बराच वेळ उभ्या होत्या. लिफ्ट आली, गेली. घरात मनाली होती. पण ती आपल्या खोलीत कानांना हेडफोन लावून काम करत बसली असणार, असे त्यांनी धरले.

पडद्यावर आता उधाण आले होते. गाव बुडत होते. पाटलीणबाई होडीने कशाबशा पलीकडच्या काठाला लागल्या. तिथे एकच घर होते. जयमालाबाईंनी दार वाजवले. कडी सरकली, दार बोटभर उघडले. आत तीच मोडक्या वल्ह्याची बाई होती.

“घरात आत्ता कुणी नाही,” ती म्हणाली. “नंतर ये.”

दार लागले. कोपऱ्यातली समई तशीच झळाळत होती.

जयमालाबाईंचा अंगठा बटणावरून निसटला. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मनालीने मान वर केली नव्हती. तिच्या पुढ्यातल्या ताटात सोललेले पावटे आणि टरफले एकत्र पडत होती.

“समई तर पूर्ण पेटली आहे,” जयमालाबाई म्हणाल्या. “मग ती घरात का घेत नाही?”

“समई गावाला दिसते, आजी. ती त्या दिवशी एकटी होती ना.”

“हे वाक्य तू लिहिलंस?”

“मी लिहिलं,” मनाली म्हणाली. “सुचलं नव्हतं. ऐकलं होतं.”

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. उठायचे कोणालाच सुचले नाही.

“तू म्हणशील तर काढून टाकते.”

“नको,” जयमालाबाई म्हणाल्या. “बरोबर जागी आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाटातून खण काढला. तांदूळ, हळकुंड, सुपारी पिशवीत ठेवली, वर नारळ. खाली सोसायटीच्या फाटकाशी मालतीबाई उन्हाला बसल्या होत्या. पिशवीतून डोकावणारी नारळाची शेंडी त्यांनी बरोबर हेरली.

“कुणाची हो ओटी आज?”

उत्तर जयमालाबाईंच्या जिभेवर तयारच होते, चांगले घोळून, मालतीबाई संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत पोचवतील असे. त्यांनी ते गिळले. पिशवीचे तोंड आवळून धरले.

“इथेच चाललेय जरा,” त्या म्हणाल्या आणि रिक्षाला हात केला.

जासईच्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर एकामागे एक उभे होते. रिक्षा आत जाईना, म्हणून त्या गल्लीच्या तोंडाशी उतरल्या. कुंदनचे घर त्यांनी कधी पाहिले नव्हते; लेकीचे घर विचारत जावे लागले. दार बंद होते. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. त्यांनी कडी वाजवली. आवाज थांबला. दार उघडले नाही.

समोरच्या ओट्यावर सुकट निवडणाऱ्या म्हातारीने डोळ्यांवर हात धरून त्यांच्याकडे पाहिले.

“कोन पायजे, आये? तू कोनाची?”

जयमालाबाईंना आजवर कोणी असे विचारले नव्हते. मुख्याध्यापिका, सोसायटीच्या अध्यक्षा, श्यामसुंदररावांच्या पत्नी, यांतले काहीही त्या म्हणू शकल्या असत्या. त्यांनी बंद दाराकडे पाहिले.

“गीतांजलीची आई,” त्या म्हणाल्या, आतल्या माणसालाही ऐकू जाईल की नाही, इतक्या हळू.